मोराच्या मानेचे अकरा पुठ्ठे

१ जानेवारी १९७६, गुरुवार

सुताच्या व्यापाऱ्याकडून दरवर्षी एक डायरी येते आणि दरवर्षी ती पार्वती पळवते. तिच्यात ती उपास, वाढदिवस आणि माझी पथ्यं लिहिते. यंदा दाक्षीने मध्येच झडप घातली आणि डायरी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, दिवसभर जे बडबडता ते इथं लिहा. आईचे कान तेवढेच निवांत."

वर नियमही घालून दिले. जे झालं ते लिहायचं, व्हायला हवं होतं ते नाही. चुकलं तर गिरवून काळं करायचं नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रयोगशाळेच्या वहीत असंच असतं म्हणे. मी चोपन्न वर्षांचा, तीस वर्षं माग चालवतोय आणि ही मला रेघ मारायला शिकवते.

दाक्षी म्हणजे आमची दाक्षायणी, एकुलती एक. पुण्याला एम.एस्सी. झाली, वर्षभर इथल्या कॉलेजात शिकवलं, आणि आता मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलंय. दोन फेब्रुवारीला हजर व्हायचं. पेशीतला डीएनए तुटला तर पेशी तो स्वतःच कसा सांधते, यावर चार वर्षं काम. चार वर्षं! मी म्हटलं, "आपला ज्ञानबा तुटलेला धागा चार सेकंदांत सांधतो." तर म्हणाली, "त्याला बघायला डोळे आहेत बाबा. पेशीला कुठे आहेत?"

मला ती जायला नको आहे. हे पार्वतीला सांगितलेलं नाही. जे झालं ते लिहायचं म्हणून लिहिलं.

५ जानेवारी, सोमवार

आमच्या घराची एक रीत आहे. लेकरू उंबरा ओलांडून निघालं, सासरी असो की नोकरीला, त्याच्या वळकटीत मोराची चादर घालायची. वेलीवर बसलेला हा मोर माझ्या वडिलांनी, शिवशरणअप्पांनी काढलेला. बाजारात एकही चादर विकलेली नाही. ती फक्त घरच्यांची. दाक्षी पुण्याला गेली तेव्हा मी विणली नव्हती. दर महिन्याला धुणं घेऊन घरी येणारी मुलगी घर सोडून गेली असं कसं धरायचं? मुंबई मात्र वेगळी.

म्हणून आज कारखान्यात ज्ञानबाला माळ्यावरची पेटी काढायला लावली. आठ वर्षांनी उघडली. आत उंदराचं बाळंतपण झालेलं.

ज्याने माग पाहिला नाही त्याच्यासाठी लिहितो (दाक्षी म्हणते, वही अनोळखी माणसालाही समजली पाहिजे). नक्षीची चादर विणायची तर मागावर जकार्ड बसवतात आणि त्यावरून भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात. एका पुठ्ठ्यावर चादरीतली एक ओळ. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे बाराशे पुठ्ठे दोऱ्याने एकापुढे एक ओवलेले. मोर, वेल, काठावरचं नाव, सगळं त्या भोकांत.

उंदराने सहाशे बारापासून सहाशे बावीसपर्यंत अकरा पुठ्ठ्यांचा भुसा केला. साखळीचे सरळ दोन तुकडे. अकराच्या अकरा मोराच्या मानेचे. बाराशेतून त्याला नेमकी मानच सापडली.

७ जानेवारी, बुधवार

ज्ञानबा मूळचा सांगोल्याकडचा. बहात्तरच्या दुष्काळात आला तो माझ्याकडेच राहिला. हात सोन्याचा, पण धीर म्हणून नाही. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्याने अकरा पुठ्ठ्यांची जागा सोडून दिली, टोकाला टोक बांधलं आणि माग चालू केला.

"मालक, मदले गेले तर गेले की! साकळी फिरती न्हवं का? मग झालं."

साखळी फिरली. चादर उतरली. मोराचं डोकं थेट पाठीवर.

मी ओरडणार तेवढ्यात तो स्वतःच चादरीकडे बघत म्हणाला, "लई थंडी वाजतीय त्येला. मान आत घालून बसलाय बगा."

दाक्षी हसून हसून सुताच्या गठ्ठ्यावर बसली. पेशीसुद्धा कधी कधी असाच ज्ञानबापणा करते म्हणे. तुटलेली टोकं घाईत एकमेकांना चिकटवते आणि मधलं गेलं ते गेलं. मक्यात तसं पाहिलंय. तो बिनमानेचा नमुना तिने मागून घेतला.

८ जानेवारी, गुरुवार

शेंगाचटणीची बरणी आज पुन्हा रिकामी. महिन्यातली तिसरी. विचारलं तर पार्वती म्हणते, दाक्षी खाते. खाऊ दे बिचारी, मुंबईत कुठली मिळायला.

१० जानेवारी, शनिवार

काल आणि आज मी स्वतः बसून अकरा कोरे पुठ्ठे पंच केले. आठवणीवरून. अप्पांच्या मांडीवर बसून ही नक्षी बघितलेला माणूस मी, मला काय अवघड, असं वाटलं.

मान झाली. पण मध्ये एक गाठ आली आणि वर जाता जाता ती मागे वळली. पार्वतीने चादर दोन्ही हातांत धरली, लांब केली, जवळ आणली. "अहो, हा मोर आहे की राजस्थानातला उंट?"

संध्याकाळी चहाला दाक्षीने पेशीचं सांगितलं. अगदीच जिवावर बेतलं की पेशीही माझ्यासारखंच अंदाजाने भरते. जगते, पण चुका राहतात. खरी दुरुस्ती वेगळी असते. पेशी एकाची दोन व्हायच्या आधी डीएनएची दुसरी प्रत तयार करते. एक तुटली तर तिचं तुटलेलं टोक शेजारच्या प्रतीत नेमकी आपल्यासारखी जागा शोधतं, तिथे जाऊन चिकटतं, आणि बघून बघून हरवलेलं भरून काढतं. नेमकं कसं ते अजून कोणालाच धड माहीत नाही. तेच शोधायला ती चालली आहे.

"आणि प्रत असूनही जमलं नाही तर?" मी विचारलं.

"तशी एक जंतूंची जात आहे बाबा. पुण्यात मी वाढवलीय. शेजारी चांगली धडधाकट प्रत असते, पण तिच्याजवळ जायचं कसं तेच त्यांना येत नाही. अतिनील दिवा जरा लागला की मरतात. बाकीचे जंतू तेवढ्याने शिंकतही नाहीत."

"हे मला उद्देशून आहे का?"

"मी जंतूंबद्दल बोलतेय," ती म्हणाली आणि बशीतला चहा पिऊन उठली. पार्वतीला एकदम कढईची आठवण झाली.

१२ जानेवारी, सोमवार

आता लिहावंच लागेल.

अप्पांनी पुठ्ठ्यांचे दोन संच केले होते, भोकाला भोक जुळणारे. एक फाटला तर दुसरा असावा म्हणून. अडुसष्ट साली वाटणी झाली तेव्हा एक माझ्याकडे आला, एक सिद्धाप्पाकडे. सिद्धाप्पा माझा धाकटा भाऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे.

भांडण कशावरून झालं ते सांगायला लाज वाटते, पण नियम म्हणजे नियम. अप्पा गेल्यावर चादरीच्या काठावर त्यांच्या नावाऐवजी आमची नावं घालायची ठरली. डोक्याच्या बाजूला एक, पायाच्या बाजूला एक. मी म्हटलं, थोरला मी, डोक्याकडे माझं. तो म्हणाला, पायाकडे माझं नाव मी घालणार नाही, लोक पाय ठेवतील. मी म्हटलं, मग नकोच घालू. त्याने शब्द वाढवला, मी त्याहून वाढवला, आणि महिन्याभरात चुली, माग, पुठ्ठे सगळं दोन झालं. मी माझ्या संचात दोन्ही काठांना 'वीरभद्र' पंच केलं. त्याने त्याच्यात दोन्हीकडे 'सिद्धाप्पा' केलं असेल, दुसरं काय करणार.

दाक्षी म्हणाली, "काकांकडे जाऊ या."

मी म्हटलं, मला भाऊ नाही. इथेही तेच लिहितो. मला भाऊ नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

गड्ड्याची जत्रा. कारखाना तीन दिवस बंद. होम मैदानावर पाळण्यांपाशी सिद्धाप्पा दिसला. लांब होता, पाठमोरा होता, तरी चाल ओळखली. थोडा लंगडत होता.

दाक्षीच म्हणाली, "काकांचा गुडघा दुखतो. डावा."

डावा की उजवा हे एवढ्या लांबून हिला कसं दिसलं कोण जाणे. सूक्ष्मदर्शकाने नजर तयार झाली असेल.

पाळण्याच्या खांबाआडून त्याला बघत मी बराच वेळ उभा राहिलो. केस पार पांढरे झालेत त्याचे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे.

१९ जानेवारी, सोमवार

तेरा दिवस राहिले. आज पुन्हा अकरा पुठ्ठे पंच केले. आता बदक.

पार्वती काही म्हणत नाही. एकच वाक्य बोलली, "लेक मोकळ्या वळकटीने जाईल, जाऊ दे." हे वाक्य तिने रात्रीच्या जेवणात, सकाळच्या चहात आणि मी दाढी करत असताना असं तीनदा बोलून दाखवलं.

मला त्या जंतूंची दया यायला लागली आहे. लोकांना वाटतं ते मस्तीने जात नाहीत. तसं नसतं. आठ वर्षं झाली की वाटच आठवत नाही, दारात उभं राहून पहिला शब्द कुठला बोलायचा ते सुचत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

गेलो.

टांग्यात मी, दाक्षी आणि मांडीवर साखळीचा एक तुकडा. दुसरा तुकडा ज्ञानबाच्या सायकलच्या कॅरिअरवर. एमआयडीसीच्या रस्त्यावर दुपारच्या पाळीचे कामगार सायकलींवरून चालले होते. सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. वाटेत दोनदा मी टांगेवाल्याला थांब म्हणालो. दोन्ही वेळा दाक्षी त्याला म्हणाली, "चला चला, त्यांना शिंक आली."

सिद्धाप्पा कारखान्याच्या दारातच उभा होता. मी सगळी वाट पहिलं वाक्य तयार करत आलो होतो: "मी कामापुरता आलो आहे." तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला,

"अण्णा, ऊट आतेनु?"

जेवण झालं का, एवढंच. आठ वर्षांनी. लहानपणी शाळेतून मी उशिरा आलो की तो दारात बसून असायचा आणि कानडीत हेच विचारायचा, कारण मी आल्याशिवाय अव्वा त्याला वाढायची नाही.

मी म्हटलं, "नाही रे." आणि माझा आवाज फुटला. ज्ञानबा लगेच सायकल स्टँडला लावायला वळला. चांगला माणूस आहे.

योगायोग असा की त्यांच्याकडे आज नेमकी गव्हाची गोड हुग्गी केलेली होती, आणि पाटही चार मांडलेले. धाकट्या भावजयीच्या, ईरम्माच्या हाताला अजून तीच चव. शेंगाचटणी तर अगदी पार्वतीसारखी, लसणाचं प्रमाण तेवढंच. दोघी जावा एकाच सासूच्या हाताखाली शिकल्या, दुसरं काय होणार. मी तसं बोलून दाखवलं तर ईरम्माला ठसका लागला.

जेवल्यावर त्याने संच काढला. पुसून, घडी घालून, आत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. मी माझा कसा ठेवला होता ते त्याला सांगितलं नाही, पण साखळी उलगडली तसं त्याला दिसलंच. त्याने कुरतडलेली टोकं हातात घेतली, बोटाने चाचपली आणि म्हणाला, "अप्पांनी बघितलं असतं तर उंदराला नाही, तुला मारलं असतं."

"तुला आधी. तू पेटीचं झाकण नीट बसवलं नव्हतंस वाटणीच्या दिवशी."

"पेटी तू बंद केलीस की अण्णा!"

हे असं पुढे तासभर.

काम मात्र सोपं नव्हतं. दोन्ही साखळ्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. माझं तुटलेलं टोक त्याच्या साखळीवरून सरकवत नेलं, एकेक पुठ्ठा वर ठेवून उजेडाला धरायचा, भोकातून भोक दिसलं पाहिजे. सहाशे अकराला सगळी भोकं एकदम उघडली, पलीकडची खिडकी दिसली. दाक्षी टाळ्या पिटायला लागली. मी म्हटलं, पुठ्ठाच जुळला गं, एवढं काय. तर डोळे पुसत होती. धूळ फार असते टॉवेलच्या कारखान्यात.

पुढचे अकरा उतरवायला त्याचीही साखळी तिथे सोडावी लागली, म्हणजे तिचेही दोन तुकडे झाले. त्याचे पुठ्ठे वर, कोरे खाली, भोकातून खूण करायची आणि पंच मारायचा. मी मारत होतो, तो धरत होता. अकरा नवे तयार झाले, त्याचे अकरा परत मिळाले. मग दोघे समोरासमोर बसून ओवायला लागलो. ओवताना अप्पांच्या गोष्टी निघाल्या. उन्हाळ्यात गच्चीवर एकाच मोराच्या चादरीसाठी आम्ही ओढाओढ करायचो आणि अप्पा दोघांवर पाण्याचा तांब्या उपडा करायचे, ती. तो अप्पांचा आवाज काढतो हुबेहूब. हसता हसता ओवणं कधी संपलं कळलंच नाही.

दाक्षी समोर बसून सगळं टक लावून बघत होती. एकदा तोंड उघडलं तिने, मग मिटलं. मी विचारलं काय गं, तर म्हणाली, काही नाही, चालू द्या.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी साखळी मागावर चढवली. ज्ञानबाने नारळ फोडला. मोराला मान आली, अप्पांच्या मोराची, पुढे किंचित झुकलेली. पार्वतीने बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

पण चादर उतरवून झटकली आणि मी खालीच बसलो. एका काठाला 'वीरभद्र'. दुसऱ्या काठाला 'सिद्धाप्पा'.

डोळे चोळून पुन्हा वाचलं. मग उजेड पडला. दोन्ही साखळ्या एकाच जागी सोडलेल्या, चार टोकं शेजारी शेजारी. गप्पांच्या नादात माझ्या पुढच्या अर्ध्याला आम्ही त्याचं मागचं अर्धं ओवलं, आणि त्याच्या पुढच्याला माझं मागचं. नक्षी भोकाला भोक सारखी, म्हणून मोरावर कुठे शिवण दिसत नाही. फरक होता तो फक्त नावात. तीस वर्षं माग चालवून ही चूक! दाक्षी समोर होती, पण तिला बिचारीला पुठ्ठ्यांतलं काय कळतं.

दुपारी सिद्धाप्पा आला. आठ वर्षांनी आमच्या उंबऱ्याच्या आत. काखेत चादर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तीन रिकाम्या बरण्या. आमच्या घरी आहेत तसल्याच. त्याने माझ्याही आधी तोंड उघडलं.

"अण्णा, हे तू मुद्दाम केलंस!"

"मी? ओवत कोण होतं?"

"दोघं की!"

दोन्ही चादरी ओसरीवर अंथरल्या. त्याच्यावरही तेच, फक्त उलट. दाक्षीने बिनमानेच्या मोरापासून सगळे नमुने आणून रांगेत मांडले, जणू तिची परीक्षाच. मग सांगितलं. शेजारच्या प्रतीवरून दुरुस्ती झाली की दोन्ही प्रती पुन्हा वेगळ्या व्हाव्या लागतात, आणि तेव्हा कधी कधी त्यांची मागची टोकं अशीच अदलाबदल होतात. दोन्ही पुऱ्या असतात, एकही भोक कमी नसतं. पुस्तकात याला कोणी चूक म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय, म्हणून कोणतंच मूल हुबेहूब बापासारखं नसतं.

"बरंच आहे ते," पार्वती म्हणाली.

मी म्हटलं, "चूक ती चूक. एक दोरा सोडायचा आणि परत बांधायचं. अर्ध्या तासाचं काम."

"व्हय, अर्ध्या तासाचं," सिद्धाप्पा म्हणाला.

मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. दोरा कुठे ठेवलाय ते मला माहीत होतं. त्यालाही दिसत होता, खिडकीतच होता. पार्वतीने चहा आणला. चहा झाला. ईरम्माच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरतंय ते निघालं. दिवेलागणीला तो उठला, लंगडत पायऱ्या उतरला आणि म्हणाला, "उद्या येतो, मग बघू दोऱ्याचं."

२५ जानेवारी, रविवार

सिद्धाप्पा आला होता. दोऱ्याचं राहून गेलं.

२८ जानेवारी, बुधवार

आला होता. राहून गेलं.

१ फेब्रुवारी, रविवार

दाक्षी गेली.

हल्ली गाड्या मिनिटावर सुटतात, त्यामुळे जरा उशीर होईल ही आशाही नव्हती. वळकटी मी बांधली. चादर आत घातली तेव्हा सिद्धाप्पा म्हणाला, "डोक्याकडे कुठली बाजू घेणार गं?" आठ वर्षांपूर्वीचं भांडण असं फलाटावर पुन्हा उघडं पडलं. पार्वती आणि ईरम्मा दोघी श्वास धरून उभ्या.

"जिकडे उशी ठेवीन ती," दाक्षी म्हणाली. "एक दिवस आड उशी फिरवीन."

एवढं साधं उत्तर आम्हा दोन म्हाताऱ्यांना सुचलं नव्हतं. एम.एस्सी.चा काहीतरी उपयोग होतो म्हणायचा.

गाडी हलली. मला ती जायला नको होती, हे मी एक जानेवारीला लिहिलं होतं. आज खिडकीपाशी चालता चालता तिला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "माहीत आहे बाबा. म्हणूनच तर इतकी धावपळ केली." कसली धावपळ ते विचारायच्या आत डबा पुढे गेला. मी रडलो. सिद्धाप्पाने माझा खांदा धरला आणि तोही रडला. गुडघा दुखतो म्हणून रडतोय असं तो म्हणाला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं. खोली चांगली आहे. प्रयोगशाळेत तिने मोराचे सगळे नमुने दाखवले. तिथले मोठे साहेब बदकावर खूश झाले. रात्री समुद्राचा वारा येतो, चादर लागते. आज डोक्याकडे बाबा आहेत, उद्या काका.

पत्र वाचून दाखवायला सिद्धाप्पाकडे जायचं आहे. पार्वतीने बरणी भरून ठेवली आहे. एकदा चटणी खाल्ली त्याच्याकडे तर लगेच पाठवायला हवी, असं तिचं म्हणणं.

निघण्याआधी एक काम केलं. बारा जानेवारीचं पान उघडलं. 'मला भाऊ नाही' अशी ओळ आहे तिथे. पेन घेऊन गिरवून काळी करायला लागलो होतो, मग नियम आठवला. एकच रेघ मारली. खालचं वाचता येतंय.